गाणं डोळ्यांना ऐकू यावं म्हणून

काळ्या टी-शर्टवर मधोमध पांढऱ्या रेषांचा एक चौकोन असतो. रेषा आडव्या, एकीखाली एक, आणि चौकोनाच्या मध्यावर आल्या की प्रत्येक रेषेला डोंगररांगेसारखी शिखरं फुटतात. हा टी-शर्ट तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असणार. तो घालणाऱ्या पुष्कळांनी त्या चित्रामागच्या बँडचं एकही गाणं ऐकलेलं नसतं. तरी चित्र त्यांना खुणावतं.

ते चित्र एका ताऱ्याच्या ठोक्यांचं आहे. १९६७ साली जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींमध्ये एक विलक्षण नियमित ठोका सापडला, दर १.३३७ सेकंदांनी पडणारा. माणसाला सापडलेला तो पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ ठोके पाठवणारा तारा. हॅरॉल्ड क्राफ्ट या खगोलशास्त्रज्ञाने १९७० सालच्या आपल्या पीएचडीच्या प्रबंधात त्याच पल्सारचे लागोपाठचे ८० ठोके एकाखाली एक मांडले. ती आकृती पुढे खगोलशास्त्राच्या एका कोशात छापली गेली, तिथे ती जॉय डिव्हिजन या बँडच्या मुलांच्या नजरेत भरली, आणि १९७९ साली पीटर सॅव्हिल या तरुण डिझायनरने ती त्यांच्या पहिल्या अल्बमच्या कव्हरवर घेतली. कोशात पांढऱ्यावर काळ्या रेषा होत्या, त्याने काळ्यावर पांढऱ्या केल्या. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं.

बँडमधल्या चौघांचे चेहरे टाकता आले असते. गिटार टाकता आली असती, माइक टाकता आला असता. त्यांच्याऐवजी तिथे आला ठोका, लांबून, अंधारातून येणारा, न चुकता पडणारा आणि तरी दर वेळी किंचित वेगळा. ड्रम वाजवणाऱ्याचा हातही असाच चालतो. ठेका तोच, पण दोन आघात तंतोतंत सारखे कधी पडत नाहीत. शिवाय या बँडचं संगीतच असं की मोठ्या रिकाम्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणी वाजवतंय असं वाटावं. चित्राची आणि संगीताची रीत एक निघाली, म्हणून इतकी वर्षं दोघं एकमेकांना धरून आहेत.

संगीतावरून किंवा पॉप संस्कृतीवरून ग्राफिक डिझाइन करणं म्हणजे काय, हे मला या एका कव्हरवरून सगळ्यात नीट सांगता येतं. गाण्यात काय काय आहे ते काढणं सोपं. गाणं काय करतं ते शोधायला बसलं की खरं काम सुरू होतं.

कानाचं डोळ्याला कसं कळतं

एक छोटा प्रयोग करा. कागदावर दोन आकार काढा, एक ढगासारखा गोलमटोल, दुसरा फुटलेल्या काचेसारखा टोकदार. आता कुणालाही सांगा की यातल्या एकाचं नाव ‘बूबा’ आहे आणि दुसऱ्याचं ‘किकी’, कोणतं कुणाचं? बहुतेक जण क्षणाचाही विचार न करता गोल आकाराला बूबा म्हणतात. व्होल्फगांग क्योलर या मानसशास्त्रज्ञाने अशाच प्रकारची जोडी १९२९ साली वापरली होती. व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी २००१ साली बूबा-किकी ही नावं घेऊन तो प्रयोग पुन्हा चर्चेत आणला, आणि सुमारे ९५ टक्के लोक एकच उत्तर देतात असं नोंदवलं. पुढे २५ भाषांच्या भाषकांवर तपासलं तेव्हा हा आकडा सरासरी ७२ टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे नियम शंभर नंबरी नाही, पण कल स्पष्ट आहे. आवाजाला आकार असतो हे माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

डिझायनरचं भांडवल हेच. लय म्हणजे अंतर. दोन आघातांमध्ये किती वेळ जातो त्यावर गाण्याची लय ठरते, आणि दोन आकारांमध्ये किती जागा सुटते त्यावर चित्राची. अंतर सारखं ठेवलं तर चाल सरळ राहते; एकाच ठिकाणी मोडलं की नजर अडखळते, जसा ठेक्यातली एक मात्रा गाळली की कान दचकतो. सूर चढा असला की तो कागदावरही वर जातो आणि बारीक होतो. आवाज मोठा असला की आकार वाढतो, गडद-फिक्यातलं अंतर वाढतं. तोच सूर बासरीवर वेगळा वाटतो आणि फाटक्या आवाजाच्या गिटारवर वेगळा. हा जो नादाचा फरक आहे तो चित्रात पोत होऊन येतो. बासरीला कडा विरलेला, धुक्यासारखा रंग चालेल, त्या गिटारला खरखरीत दाणा आणि तुटक्या कडा हव्यात.

आणि शांतता म्हणजे मोकळी जागा. नवख्यांना ही गोष्ट सगळ्यात जड जाते. गाण्यात दोन ओळींमधला विराम हवाहवासा वाटतो, पण कागदावर रिकामा कोपरा दिसला की हात शिवशिवतात. तिथे काहीतरी ‘टाकावंसं’ वाटतं. टाकू नका. गायक श्वास घेतोय, घेऊ द्या.

हे कोष्टक पाठ करून डिझाइन होत नाही, हेही लगेच सांगायला हवं. आवाजाचा संगणकी आलेख छापून त्याला ‘गाण्याचं चित्र’ म्हणणारी पोस्टरं ढिगाने सापडतात, आणि सगळी एकसारखी दिसतात. त्यांत आवाजाचं मोजमाप असतं, पण ऐकणाऱ्याने काही निवडलेलं नसतं. पल्सारच्या आकृतीत आणि त्यांच्यात फरक हाच. ८० रेषांची ती आकृती कुणीतरी ‘हीच आमची’ म्हणून निवडली होती.

निवड किती नेमकी असू शकते याचं मला फार आवडणारं उदाहरण म्हणजे योझेफ म्युलर-ब्रॉकमन या स्विस डिझायनरने १९५५ साली झुरिकच्या टोनहाले सभागृहासाठी केलेलं बीथोवनचं पोस्टर. त्यावर बीथोवनचा चेहरा नाही, पियानो नाही, एकही स्वरचिन्ह नाही. एका मध्याभोवती फिरणारे जाड काळे कमानदार तुकडे आहेत, आणि आतून बाहेर येताना त्यांची जाडी दुपटीने वाढत जाते. हेच दुपटीचं नातं सप्तकांमध्येही असतं. ४४० हर्ट्‌झचा सूर, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, दुप्पट करून ८८० केला की तोच सूर वरच्या सप्तकात ऐकू येतो. पाहणाऱ्याला हे गणित ठाऊक नसतं, तरी काहीतरी फिरतंय, फुगतंय, अंगावर येतंय हे त्याला जाणवतं.

सोळा बटणं

लय जागेत कशी उतरवायची हे हातात धरून बघायचं असेल तर टीआर-८०८ या यंत्राकडे बघा. रोलंड कंपनीने १९८० साली आणलेलं हे ताल वाजवणारं यंत्र. त्याच्या खालच्या कडेला १६ बटणांची एक ओळ आहे, चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. डावीकडून उजवीकडे यंत्र एकेक बटण ओलांडत जातं, आणि जे बटण दाबलेलं असेल तिथे आघात होतो. शेवटाला पोचलं की परत पहिल्यावर. तीनतालाच्या सोळा मात्रा चार-चारच्या विभागांत ज्यांनी हातावर मोजल्या आहेत त्यांना ही ओळ परकी वाटणार नाही. हिप-हॉपमध्ये आणि इलेक्ट्रॉनिक संगीतात हे यंत्र इतकं मुरलं, की आज नुसती ही चार रंगांची पट्टी कुठे दिसली तरी जाणकारांच्या कानात ठेका सुरू होतो.

आता कागदावर सोळा चौकोनांची ओळ आखा. नाचाच्या साध्या ठेक्यात मोठ्या ड्रमचा आघात पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरावर पडतो. ती घरं काळी करा. टाळीचा आवाज पाचव्या आणि तेराव्या घरावर येतो, तिथे खालच्या ओळीत दुसरा रंग भरा. झांज ऐकू येईल तिथे बारीक ठिपके द्या. तीन ओळी झाल्या की तुमच्यासमोर एक नक्षी असेल, आणि ती त्या गाण्याखेरीज दुसरीकडून आलेली नसेल. आता दुसऱ्या प्रकारचं, तुटक ठेक्याचं गाणं घ्या आणि तसंच करा. फक्त दोन-तीन घरं सरकतील, पण नक्षीचा चेहरामोहरा बदलून जाईल. हे पोस्टर झालं का? अजून नाही. पण जिथून पोस्टर उभं राहू शकतं असा सांगाडा हाती आला.

कव्हर आलं कुठून

जुन्या काळच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांच्या एका बाजूवर जेमतेम तीन ते पाच मिनिटं मावायची. मोठी रचना विकायची तर अनेक तबकड्या एकत्र बांधाव्या लागत, फोटोंच्या अल्बमसारख्या. ‘अल्बम’ हा शब्द संगीतात आला तो असा. या बांधणीची वेष्टनं साधी, मातकट रंगाची असत. कोलंबिया रेकॉर्ड्‌समध्ये १९३९ साली रुजू झालेल्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या विशीतल्या डिझायनरने ती चित्रं काढून विकावी असं सुचवलं. १९४० सालच्या त्याच्या पहिल्या कव्हरसाठी त्याने एका नाट्यगृहाच्या दर्शनी पाटीवरची दिव्यांची अक्षरं बदलून घेतली, तिथे अल्बमचं नाव लावलं आणि त्या पाटीचा फोटो काढवला. तिथून पुढे गाणं विकत घेण्याआधी लोक ते पाहायला लागले.

पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांत ब्लू नोट या जॅझ कंपनीसाठी रीड माइल्सने पाचशेच्या आसपास कव्हरं केली. पैसे थोडे असायचे, म्हणून बहुतेक वेळा दोनच रंग. फ्रान्सिस वोल्फने टिपलेला वादकाचा काळा-पांढरा फोटो कडक कापायचा, एका रंगात बुडवायचा, आणि अक्षरांना वाद्यासारखं वाजवायचं. कधी एखादा शब्द पानभर ताणलेला, कधी एकच चिन्ह शंभरदा उमटलेलं. माइल्सला स्वतःला जॅझची फारशी ओढ नव्हती, त्याचा कल पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताकडे होता, हे वाचून मला पहिल्यांदा धक्काच बसला होता. नंतर पटलं. चाहता असलात की तुम्हाला कलाकार दाखवायचा असतो. माइल्सला ते ओझं नव्हतं, म्हणून तो पानाचा ठेका शोधत राहिला. चाहत्याने डिझाइन करू नये असं मी म्हणत नाही, मी स्वतः चाहता म्हणूनच या कामात आलो. पण टेबलाशी बसताना भक्ती जरा बाजूला ठेवावी लागते.

अक्षरांनाही गळा असतो

पॉप संस्कृतीवर आधारलेल्या डिझाइनमध्ये सगळ्यात जास्त घसरगुंडी होते ती अक्षरांवर. साठीच्या दशकातली ती वितळणारी, फुगणारी अक्षरं आठवा. १९६६-६७ च्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोतल्या फिलमोर सभागृहाच्या कार्यक्रमांसाठी वेस विल्सनने ती घडवली, आणि त्यांचं मूळ होतं व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलर या चित्रकाराच्या, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीच्या अक्षरांमध्ये. सॅन फ्रान्सिस्कोतच व्हिक्टर मॉस्कोसो हा दुसरा पोस्टरकार होता. तो येल विद्यापीठात रंगांचे मोठे जाणकार योझेफ आल्बर्स यांच्याकडे शिकलेला. एकमेकांच्या विरुद्धचे, पण सारख्याच उजळपणाचे दोन रंग, उदाहरणार्थ लाल आणि हिरवा, एकमेकांना चिकटवून ठेवले की त्यांची कड थरथरते. वाचणाऱ्याला त्रास होतो म्हणून ते टाळा, असं डिझाइनचे विद्यार्थी शिकतात. मॉस्कोसोने नेमकं ते टाळलं नाही. त्याला थरथर हवीच होती, कारण सभागृहात कानांना आणि डोळ्यांना तेच होत होतं. पोस्टर वाचायला दोन मिनिटं लागली तर लागू देत, पाहणारा तेवढा वेळ थांबतोय ना?

दहा वर्षांनी पंक हे खरखरीत, बंडखोर रॉक संगीत आलं आणि जेमी रीडने सेक्स पिस्टल्स या बँडसाठी वर्तमानपत्रातून कापलेली वेगवेगळी अक्षरं चिकटवून नावं लिहिली, खंडणीच्या चिठ्ठीसारखी. ज्यांना संगीत शिकायला वेळ आणि पैसा नव्हता त्यांचं ते संगीत. मग अक्षरंही कात्री आणि गोंद यांच्यावर भागवणारी.

दोन्ही शैली आज एका क्लिकवर फॉन्ट म्हणून मिळतात. म्हणूनच शांत, संथ गाण्याच्या पोस्टरवरही फाटकी पंक अक्षरं दिसतात, केवळ ती ‘भारी’ वाटतात म्हणून. अक्षर निवडण्याआधी मी गाणं लावतो आणि गायक एखादा शब्द कसा टाकतो ते ऐकतो. शेवटचं अक्षर लांबवतो? तोडतो? श्वासात विरघळवतो? देवनागरीत तर त्यासाठी केवढी सोय आहे. शिरोरेषा लांबवता येते, मध्येच तोडता येते, पार काढूनही टाकता येते. वेलांटीची कमान उंच नेली की आलापासारखी वाटते. रोमन अक्षरांवर बसलेली शैली जशीच्या तशी देवनागरीवर थापली तर मात्र अक्षरं अवघडून बसतात. वितळवायचंच असेल तर आधी बघा, आपल्या अक्षरात वितळण्याजोगं काय आहे. काना वितळेल, शिरोरेषा ओघळेल. दंड मोडला तर अक्षर मरेल.

ओळखीची वस्तू, अनोळखी रूपात

पॉप संस्कृतीचा कच्चा माल म्हणजे ओळख. चित्रपट, मालिका, खेळाडू, व्हिडिओ गेम, यांतलं काहीतरी लाखो लोकांच्या मनात आधीच बसलेलं असतं. डिझायनरला नव्याने सांगायचं नसतं, फक्त स्पर्श करायचा असतो. तो जितका हलका, तितका पाहणाऱ्याला आनंद मोठा, कारण उरलेलं चित्र तो स्वतः पुरं करतो. म्हणून पात्राचा हुबेहूब चेहरा रंगवण्यापेक्षा त्याची टोपी, त्याच्या बसण्याची ढब, त्याच्या खोलीचा रंग जास्त बोलतो. मी एक प्रश्न विचारून बघतो. हे डोळे मिटून आठवलं तर पहिलं काय दिसतं? ते सोडून द्यायचं, सगळे तेच करतात. दुसरं काय दिसतं, तिसरं काय? बहुधा तिसऱ्यावर काम सुरू करण्याजोगं काही सापडतं.

अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराने १९६२ साली मर्लिन मन्रोची चित्रं केली, ती १९५३ सालच्या एका चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेल्या फोटोवरून. तोच फोटो, जाळीच्या पडद्यातून रंग ओढून, पुन्हा पुन्हा छापलेला, कुठे रंग सरकलेला, कुठे शाई संपत आलेली. प्रसिद्धी माणसाचं काय करते? त्याचा चेहरा छापत राहते, झिजेपर्यंत. वॉरहॉलने नटीचं वर्णन केलं नाही, प्रसिद्धी जे करते तेच त्याने कागदावर करून दाखवलं. पल्सारच्या कव्हरसारखंच, इथेही रीत उचलली आहे.

आणि कल्पना कुठून येईल याला धरबंध नाही. रोलिंग स्टोन्स या बँडची ती बाहेर काढलेली लाल जीभ लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या जॉन पाश या विद्यार्थ्याने १९७० साली ५० पौंडांत केली. गायक मिक जॅगरने त्याला दाखवलं होतं ते कालीमातेचं चित्र. पाशने त्यातले हात, शस्त्रं, मुंडमाळा सगळं सोडून जीभ तेवढी घेतली, आणि ती आपल्या काळाच्या उद्धट ढंगात काढली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २००८ साली पाशचं ते जिभेचं मूळ चित्र विकत घेतलं. डिझायनर मिल्टन ग्लेझरने केलेलं गायक बॉब डिलनचं पोस्टरही असंच. चेहऱ्याची काळी छाया सुचली मार्सेल द्यूशाँ या चित्रकाराने काढलेल्या स्वतःच्या आकृतीवरून, आणि केसांचे रंगीत लोट इस्लामी चित्रांवरून. दोन लांबची गावं एका पानावर आली आणि तिसरंच काही जन्मलं. जो फक्त पोस्टरं पाहून पोस्टर करतो त्याच्याकडून हे व्हायचं नाही. कोश चाळा, नकाशे बघा, कापडांवरच्या नक्ष्या, जुन्या यंत्रांची माहितीपत्रकं बघा.

एक पोस्टर, सुरुवातीपासून

एका मित्राच्या गाण्याचं पोस्टर करायचं होतं. गाणं वाट पाहण्याचं. चार मिनिटं दहा सेकंदांचं. मी पहिल्या दिवशी खिडकी काढली, खिडकीतली बाई काढली, पाऊस काढला. शब्दांत हे सगळं होतंच. मित्राने ते बघून ‘छान आहे’ म्हटलं आणि विषय बदलला. मला समजलं.

दुसऱ्या दिवशी कागदाची लांब पट्टी घेतली, तिच्यावर दर दहा सेकंदांची खूण केली आणि पेन्सिल हातात धरून गाणं लावलं. जे ऐकू येईल ते तिथल्या तिथे, काही विचार न करता, रेषेत उमटवायचं. पाच-सहा वेळा ऐकल्यावर पट्टीवर एक गोष्ट ठळक झाली. सुरुवातीला फक्त आवाज आहे. ठेका येतच नाही. कान त्याची वाट बघत राहतो आणि एक मिनिट वीस सेकंदांवर तो येतो, म्हणजे गाण्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा उलटल्यावर. वाट पाहणं शब्दांत होतं त्याहून जास्त या रचनेत होतं.

मग पट्टी उभी केली. पोस्टरचा वरचा तिसरा हिस्सा रिकामा सोडला, त्यात एकच बारीक आडवी रेषा. ती रेषा म्हणजे शीर्षकाची शिरोरेषा, कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढलेली, आणि शीर्षकाची अक्षरं तिला एका बाजूला लटकलेली. गायकाने पहिला सूर जसा धरून ठेवला होता तशी. तिसऱ्या हिश्शाच्या रेषेवर पहिली जाड पट्टी येते, तिच्याखाली ठेक्याच्या अंतराने बाकीच्या. रंग दोनच, गर्द निळा आणि कागदाचा स्वतःचा. आवाज थोडा हवेशीर होता म्हणून निळ्याला दाणेदार पोत दिला. खिडकी, बाई, पाऊस, काहीच उरलं नाही.

परीक्षा घ्यायची तर एक सोपी रीत आहे. ज्याने गाणं ऐकलेलं नाही त्याला आधी पोस्टर दाखवा, मग तीन गाणी ऐकवा, त्यांतलं एक त्या पोस्टरचं. कोणतं ते ओळखू आलं तर तुमचं काम गाण्यातून आलेलं आहे. ज्या मैत्रिणीला मी विचारलं तिने तिसऱ्या गाण्याला विसाव्या सेकंदालाच बोट उचललं आणि म्हणाली, ‘हेच, याचा ठेका अजून आलेला नाही.’

हक्क कुणाचा

चाहत्यांनी केलेल्या चित्रांच्या बाबतीत एक समज फार पसरलेला आहे, की मूळ चित्र तीस टक्के बदललं की ते आपलं होतं. असा कोणताही नियम नाही. ‘श्रेय दिलं आहे’ म्हणून परवानगी मिळत नाही, ‘पैसे कमावत नाही’ म्हणूनही दर वेळी सुटका होत नाही. चित्रपटातला फोटो, गाण्याचे शब्द, पात्राचं रूप यांवर कॉपीराइट असतो, बोधचिन्हांवर ट्रेडमार्क, आणि अनेक देशांत प्रसिद्ध व्यक्तीचा चेहरा आणि नाव यांवरही तिचा स्वतःचा हक्क असतो. फॉन्टसुद्धा घरगुती वापराला फुकट आणि विक्रीला पैसे, असे असतात. परवाना वाचावाच लागतो.

वॉरहॉलचंच एक प्रकरण बघा. लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकार बाईंनी १९८१ साली गायक प्रिन्सचा फोटो काढला. १९८४ साली एका मासिकाने ४०० डॉलर देऊन तो वॉरहॉलला एकदाच वापरण्यासाठी घेतला. वॉरहॉलने त्यावरून एक सोडून सोळा चित्रं केली. २०१६ साली प्रिन्स वारला तेव्हा त्यांतलं नारिंगी चित्र मासिकाच्या प्रकाशकाने वॉरहॉलच्या संस्थेला १०,००० डॉलर देऊन छापलं, आणि गोल्डस्मिथबाईंना ना पैसे मिळाले ना श्रेय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये सातविरुद्ध दोन मतांनी बाईंच्या बाजूने कौल दिला. मासिकात छापायला दिलेला प्रिन्सचा फोटो आणि मासिकात छापायला दिलेलं प्रिन्सचं चित्र, दोघांचं काम एकच होतं, असा त्यातला मुद्दा. मी कायद्याचा माणूस नाही आणि प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. पण कामाच्या टेबलावरून पाहिलं तर एवढं दिसतं, की कुणाच्या फोटोवर चित्र उभं केलं तर तो फोटो तुमच्या मानेवर बसलेला राहतो. गाण्याची लय, त्याचा पोत, त्यातली शांतता यांच्यावरून उभं केलं तर तसं होत नाही. लयीवर कुणाची मालकी नसते.

शाई, पडदा आणि अंगठ्याएवढं चित्र

शेवटी चित्र एखाद्या वस्तूवर उतरतं आणि वस्तू आपला हट्ट सोडत नाही. मोबाइल-संगणकाच्या पडद्यावरचे रंग प्रकाशाचे असतात, छपाईतले शाईचे. झगमगता निऑन हिरवा नेहमीच्या चार शायांत उतरत नाही, मळकट होतो. हवाच असेल तर तो रंग वेगळी शाई म्हणून छापून घ्यावा लागतो. टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला स्वतंत्र जाळीचा पडदा लागतो, म्हणून रंग कमी तितकं बरं. रोलिंग स्टोन्सच्या १९७१ सालच्या अल्बमच्या कव्हरवर वॉरहॉलच्या कल्पनेतून, पँटला असते तशी खरीखुरी चेन बसवली होती. गठ्ठ्यात रचलेल्या तबकड्यांवर ती चेन दाबली जाऊन खोबणी खराब होऊ लागल्या. मग चेन अर्धी उघडून पाठवायची युक्ती काढली, म्हणजे दाब मधल्या कागदी लेबलवर येईल आणि गाणं वाचेल.

आज त्याहून मोठा हट्ट आकाराचा आहे. एलपी या मोठ्या तबकडीचं कव्हर साधारण ३१ सेंटीमीटरचं असायचं. सीडीने ते १२ सेंटीमीटरवर आणलं. आता स्ट्रीमिंग सेवांना ३००० गुणिले ३००० पिक्सेलचं चित्र द्यायचं, म्हणजे ३०० डीपीआयने, इंचाला ३०० ठिपके धरून, छापलं तर १० इंचांचं, आणि ऐकणारा ते बघतो अंगठ्याच्या नखाएवढं. पिंक फ्लॉइड या बँडच्या १९७३ सालच्या अल्बमवरचा तो काळ्यावरचा त्रिकोण, आत शिरणारी एक पांढरी रेघ आणि बाहेर पडणारे सहा रंग अजूनही त्या आकारात ओळखू येतात, कारण त्यात काढून टाकण्याजोगं काही शिल्लकच नाही.

माझ्या मित्राच्या पोस्टरचं तसं झालं नाही. मोबाइलवर छोटं केलं तेव्हा वरची बारीक शिरोरेषा नाहीशी झाली आणि खालच्या पट्ट्या तेवढ्या उरल्या, म्हणजे ठेका राहिला आणि गाणारा गेला. रेषा जाड केली, तर आवाजही जाड वाटायला लागला, हवा निघून गेली. दोन दिवस मी त्या जाडीशी झटलो. मग छोट्या चित्रातून पट्ट्याच काढून टाकल्या, सगळा निळा चौकोन रिकामा ठेवला, आणि त्याच्या वरच्या भागात कडेपासून कडेपर्यंत एकच रेषा आणि तिला लटकलेलं पहिलं अक्षर. ठेका चित्रात नाही. तो यायला एक मिनिट वीस सेकंद आहेत.